बाई, कागद बंद झाला : जुन्नरच्या वारशाचा कारभार पाहणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जुन्नर तालुक्यातली लेणी, किल्ले आणि घाटवाटा यांची माहिती पर्यटकांपर्यंत कशी पोचवायची, हे ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर ठरतं त्या सर्वांना,

विषय : छापील नकाशा बंद करून केवळ क्यूआर कोड ठेवण्याबाबत.

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपूरहून माझी मावसबहीण आणि भाऊजी आले होते. दोघंही सत्तरीच्या घरातले, पण चालायला खमके. शिवनेरी पाहून झाला, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून झाल्या, ओझरच्या विघ्नहराचं दर्शन झालं. चहा घेता घेता भाऊजी म्हणाले, "अजून काय आहे तुमच्याकडे?" या प्रश्नाची मी जन्मभर वाट पाहिलेली. म्हटलं, चला, आधी नकाशा घेऊन येऊ.

तालुक्याचा रंगीत, घडीचा नकाशा जिथे मिळायचा त्या खिडकीशी गेलो. आत बसलेला मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. मला पाहून उभा राहिला आणि ओशाळून म्हणाला, "बाई, कागद बंद झाला. आता तो स्कॅन करायचा." भिंतीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवला होता.

केला स्कॅन. आधी ॲप उतरवायला सांगितलं. मग मोबाइल नंबर मागितला. मग ओटीपी. तो आलाच नाही. पुन्हा मागवला तेव्हा दोन आले. शेवटी नकाशा उघडला, तर त्यावर तीन लाल टाचण्या. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर. भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हे तर झालं आपलं."

त्या कार्यालयाचं नाव मी या पत्रात घालणार नाही. एक तर त्या मुलाला त्रास नको. दुसरं म्हणजे, हा निर्णय कुणाचा हे शोधायला मी चार ठिकाणी गेले आणि चारही ठिकाणांनी मला पुढच्याकडे पाठवलं. पाचव्या ठिकाणी पहिल्याचं नाव सांगितलं, तेव्हा मी घरी आले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

मी कोण, तर एक निवृत्त भूगोल शिक्षिका. याच तालुक्यात ३१ वर्षं शिकवलं. स्थलनिर्देशक नकाशा वाचायला शिकवताना मी वर्गात बटाटा घेऊन जायची. बटाट्याचे आडवे काप करायचे, प्रत्येक कापाभोवती पेन्सिल फिरवायची, की कागदावर समोच्च रेषा तयार. काप जवळजवळ आले की कडा, लांब गेले की पठार. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा उघडून मुलांना विचारायचं, यातला जीवधन किल्ला कुठला? ज्या मुलाला जीवधन सापडायचा, त्याला घरी गेल्यावर खिडकीतला डोंगरही वेगळा दिसायचा. हे मी मनचं सांगत नाही, मुलांच्या आया येऊन सांगायच्या.

त्यातूनच नव्वदच्या दशकात आम्ही शाळेत तालुक्याचा नकाशा काढला. ट्रेसिंग पेपर, बोरू, स्टेन्सिल, आणि शाळेचं ते शाई ओकणारं सायक्लोस्टाइल यंत्र. एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे एक रुपयाला एक अशा प्रती ठेवल्या. पहिल्या आवृत्तीत आम्ही कुकडी नदी उलटी वाहवली होती. बाणाचं टोक पश्चिमेला काढलं होतं. पूर गावच्या एका आजोबांनी तो कागद घेऊन शाळेपर्यंत येऊन मला विचारलं, "बाई, आमची नदी कोकणात कधीपासून जायला लागली?" दुसऱ्या आवृत्तीत बाण सुधारला. आजोबांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

तेव्हा माझ्या तक्रारीला हात-पाय कुठून फुटले, हे तुमच्या लक्षात यावं. मी फोनच्या विरोधात नाही. माझ्याकडे बरा फोन आहे, मला वापरता येतो आणि त्याचं कौतुकही पुढे करणार आहे. पण कागद काढून टाकून त्याच्या जागी नुसता चौकोन लावणं मला मान्य नाही. का, ते क्रमानं सांगते.

१. जुन्नरचा वारसा टाचण्यांमध्ये मावत नाही

हीच माझी मुख्य तक्रार आहे, म्हणून जरा सविस्तर.

नाणेघाट ही वाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर कोकणातून या घाटानं वर यायचा, जुन्नरला पोचायचा आणि तिथून पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. घाटाच्या डोक्यावर जीवधन. थोडं पुढे चावंड. उत्तरेला हडसर. आणि बाजारपेठेवर नजर ठेवून शिवनेरी. हे चार किल्ले चार डोंगरांवर सुटे सुटे पडलेले नाहीत. एका वाटेवरचे ते चार पहारेकरी आहेत. त्या वाटेवरच्या पैशांतून आणि दानातून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामं झाली. एका गावाभोवती एवढी लेणी का, याचं उत्तर घाटात आहे. आणि घाट एवढा महत्त्वाचा का, याचं उत्तर समुद्रात.

हे कळायला एकच गोष्ट लागते : सगळं एका वेळी डोळ्यांसमोर दिसणं. कागद टेबलावर पसरला की बोट पायथ्याच्या वैशाखरे गावावर ठेवायचं, घाट चढायचं, माथ्यावरच्या घाटघरला दम घ्यायचा, जीवधनच्या सावलीतून चावंडकडे, तिथून जुन्नर. पाचवीतल्या मुलालाही दोन मिनिटांत कळतं. फोनच्या पाच-सहा इंची काचेवर नाणेघाट मोठा केला की जुन्नर बाहेर जातं, जुन्नर मोठं केलं की घाट बाहेर जातो. दोन्ही बसवायला लहान केलं की किल्ल्यांची नावंच गायब होतात.

आणखी एक. फोनमधल्या नकाशाला आधी नाव सांगावं लागतं. जे माहीत आहे ते तो चोख दाखवतो. पण ज्याचं नावच ऐकलं नाही ते माणूस शोधणार कसं? तुळजा लेणी कुणी आपणहून टाइप करतं का? कागदावर मात्र लेण्याद्री शोधताना डोळा सहज खाली घसरतो आणि विचारतो, हे पाडळीजवळ काय लिहिलंय? तुळजा लेण्यात गोल आकाराचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, आहे. मधोमध स्तूप आणि त्याभोवती बारा खांबांचं कडं. लेणी पाहत हिंडणाऱ्यांना विचारा, असं गोल चैत्यगृह किती ठिकाणी पाहिलंत. हे जुन्नरच्या स्टँडपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, आणि अष्टविनायकाच्या बस रोज त्याच्या इतक्या जवळून निघून जातात.

मानमोडीचंही तेच. तिथल्या एका लेखात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचं दान नोंदवलं आहे, वर्ष ४६ (लेखातल्या गणनेनं, इसवी सनाचं नव्हे). तिथेच चंद नावाच्या यवनानं, म्हणजे परदेशी माणसानं, लेण्याच्या दर्शनी भागासाठी दान दिल्याचा लेख आहे. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं दोन पाण्याची टाकी दिली आणि चिट नावाच्या यवनानं भोजनमंडप. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माणसं आमच्या गावात पंगतीची सोय करून गेली! ही गोष्ट ऐकली की दहावीचा वर्गही शांत बसायचा, आणि दहावीच्या वर्गाला शांत बसवणं काय असतं ते शिक्षकांनाच विचारा. तुमच्या ॲपमध्ये शिवनेरीच्या टाचणीखाली ही लेणी नाहीत. मानमोडीचा डोंगर तर अख्खाच नाही.

यादी इथे थांबवते, नाहीतर पत्र संपायचं नाही. पूरचं कुकडेश्वर, चावंडवरची सात टाकी, हडसरचे कातळात कोरलेले दरवाजे, हापूसबागेतला सौदागर गुंबज, गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल. बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, तो आलाय पार इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीतून. खोडदची रेडिओ दुर्बीण तर विसाव्या शतकातला वारसाच म्हणायची : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आणि तिथे रेडिओ लहरींचा व्यत्यय नको म्हणून मोबाइल नकोसाच असतो. तिथे जाणाऱ्यानं तुमचा चौकोन कशानं स्कॅन करायचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

२. जिथे गरज आहे तिथे रेंज नाही

घाटघर, अंजनावळे, हातवीज, दुर्गवाडी. या बाजूला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना हे सांगायला नको. रेंज असते, जाते, धुकं आलं की बहुधा जातेच. फोन कान-डोळे गमावून बसतो आणि नेमका तेव्हाच फाटा येतो. एका पायथ्याशी मी क्यूआर कोडचा सुंदर स्टीलचा फलक पाहिला. फलकावर दुसरं काही नाही. ना किल्ल्याचं नाव, ना वाट, ना पाण्याचं टाकं कुठे ते. "अधिक माहितीसाठी स्कॅन करा" एवढंच. आधी थोडी माहिती द्या की हो, मग अधिक! फलकाला टेकून चार मुलं फोन आकाशाकडे धरून उभी होती. शेवटी गुरं घेऊन चाललेल्या एका मावशींनी त्यांना वाट दाखवली.

३. टाचणी चुकली की माणूस चुकतो

मुंबईच्या एका कुटुंबाला नाणेघाटाच्या माथ्यावर, म्हणजे घाटघरला, गाडीनं यायचं होतं. सोबत गुडघे दुखणारी आजी. फोनमधल्या नकाशानं त्यांना मुरबाडकडून वैशाखऱ्याला, घाटाच्या पायथ्याशी नेऊन सोडलं. नकाशाच्या दृष्टीनं तो बरोबरच होता; नाणेघाटाचं एक टोक तिथे आहेच. पण मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे, हे टाचणी सांगत नाही. माथ्यावर गाडीनं यायचं तर माळशेज चढून, जुन्नरला वळसा घालून यावं लागतं. दिवस गेला, आजी गाडीतच बसून राहिली. छापील नकाशावर दोन ओळींची सूचना पुरली असती : "पायी येणाऱ्यांसाठी वैशाखरे. गाडीनं येणाऱ्यांसाठी घाटघर."

४. रील आणि राणी

पावसाळ्यात नाणेघाटात वाऱ्यानं पाणी उलटं उडतं. तो उलटा धबधबा मोबाइलवर सगळीकडे पोचला आहे आणि शनिवार-रविवारी घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. येऊ द्या. तरुण पोरं भिजायला येणार, त्यात वाईट काही नाही, आमच्या काळी धबधब्याला कॅमेरा नव्हता एवढंच. पण घाटाच्या तोंडाशीच, चार पावलं खाली, जे लेणं आहे त्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले, किती गायी दिल्या, किती कार्षापण नाणी दिली, सगळा हिशेब भिंतभर. त्यात अंक लिहिले आहेत, आणि भारतीय अंकांचा इतिहास सांगताना जगभरचे अभ्यासक या भिंतीचा दाखला देतात. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, डोक्यावरची नावं राहिली : सिमुक सातवाहन, देवी नायनिका (हीच नागनिका), सिरी सातकणि. त्या लेण्यात मी लोकांना चपला वाळवताना पाहिलंय. त्यांचा दोष नाही. त्यांच्या फोननं त्यांना धबधब्यापर्यंत आणलं आणि काम संपलं म्हणून तो गप्प बसला.

५. ही कुठली मराठी?

ॲपच्या मराठी पानावर एक वाक्य आहे : "गुहा क्रमांक ७ चे अन्वेषण करा." हे लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाच्या देवळाबद्दल आहे! लेणं माणूस खोदतो, गुहा आपोआप होते, हा फरक आमच्या तालुक्यात शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतो. नाणेघाट एका पानावर नानेघाट आहे, दुसऱ्यावर नाना घाट. ही मराठी यंत्रानं केली असेल तर यंत्राला शिकवा. माणसानं केली असेल तर त्याला मी चहाला बोलावते.

६. नकाशा पाहायला फोन नंबर कशाला?

यावर जास्त लिहायची गरज नाही. डोंगर पाहायला ओळखपत्र लागत नाही, डोंगराचा नकाशा पाहायलाही लागू नये. त्या दिवसापासून मला हॉटेलांचे आणि प्लॉटचे मेसेज येतात, हा योगायोग असेल तर असो.

७. आणि पर्यावरण

कागद वाचवण्यासाठी नकाशा बंद केला, असं मला सांगण्यात आलं. भिंतीवर हे ज्यावर लिहिलं होतं, तो प्लास्टिकचा फ्लेक्स होता.

आता फोनचं कौतुक. कागदाला जे जमत नाही ते फोनला छान जमतं, आणि नेमकं तेच तुम्ही त्याच्याकडून करून घेत नाही. आज माळशेजमध्ये दरड आली आहे का? शिवनेरीच्या कड्यावर या महिन्यात आग्यामोहोळ बसलंय का? माश्या उठल्या की काय होतं, हे लेण्याद्रीला आणि शिवनेरीला लोकांनी भोगलेलं आहे. अत्तर लावून येऊ नका, पोळ्याखाली आरडाओरडा करू नका, हे आधी कळायला हवं. घाटघरची शेवटची एसटी किती वाजता? कुठल्या गावात आज बिबट्या दिसल्यानं संध्याकाळी उसाच्या कडेनं पायी फिरू नका असं सांगितलंय? हे सगळं रोज बदलतं, त्यामुळे हे फोनचं काम. आणि नाणेघाटातल्या त्या लेखापुढे उभं राहिल्यावर एकेका ओळीचं वाचन आणि अर्थ मराठीत ऐकवणं, हेही फोनचंच काम. फक्त ते आधी उतरवून ठेवता यायला हवं. जुन्नरच्या स्टँडवर रेंज आहे तिथे घ्यायचं आणि घाटघरला विनारेंज ऐकायचं.

म्हणजे न बदलणारं ते कागदावर, बदलणारं आणि बोलणारं ते फोनवर. एवढी साधी वाटणी आहे. ब्रिटनची ऑर्डनन्स सर्व्हे ही नकाशासंस्था आपल्या छापील नकाशासोबतच एक कोड देते. नकाशा विकत घेतला की तोच फोनवरही उतरवता येतो. कागद घेणाऱ्याला त्यांनी फोन जोडून दिला, फोनवाल्याचा कागद काढून घेतला नाही. आपल्याकडेही रस्ता मोकळा आहे. १७६७ पासून नकाशे करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागानं २०१७ मध्ये स्थलनिर्देशक नकाशे संकेतस्थळावर मोफत खुले केले. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बरीचशी बंधनं उठवली. एके काळी शाळेसाठी एक शीट मिळवायला मी पुण्याला खेटे घातले होते. आज नववीतला मुलगा ते घरी बसून उतरवतो. नकाशा करायला अडचण उरलेली नाही. मनाची असली तर असेल.

हे आत्ताच का लिहिते आहे? कारण २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला तेव्हा मी पेढे वाटले होते. आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्या बारांत आपला शिवनेरी आहे. आता माणसं वाढणार. ती सगळी शिवनेरीवर चढणार, उतरणार आणि गाडीत बसून दुपारच्या जेवणाला हायवेवर जाणार. शिवनेरीच्या पायऱ्या झिजणार आणि हडसरच्या पायथ्याच्या घरातली चूल पर्यटकाची वाट पाहत राहणार. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमधली पोरं कामासाठी नारायणगाव-चाकणला जातात. त्यांच्यातल्या कुणाला चावंड दाखवून, कुणाला मासवडीचं जेवण घालून चार पैसे मिळायचे असतील, तर आलेल्या माणसाला आधी चावंड आहे हे कळायला नको का? एक मुक्काम वाढायला एक कागद पुरतो. माझे भाऊजी याचा पुरावा आहेत. घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर आमचा तो जुना शाळेचा नकाशा पसरला, आणि दोन दिवसांसाठी आलेली माणसं पाच दिवस राहिली. (बहिणीला विचारलंत तर ती म्हणेल सहा.)

माझ्या मागण्या अशा :

छापील नकाशा पुन्हा सुरू करा. ए-३ आकाराचा, खिशात मावेल अशा घडीचा, पावसात भिजला तरी फाटणार नाही अशा कागदावर. तालुका पूर्व-पश्चिम पन्नास-साठ किलोमीटर आहे. एक सेंटिमीटरला दीड किलोमीटर हे प्रमाण घेतलं तर पश्चिमेच्या नाणेघाटापासून पूर्वेच्या आणे गावापर्यंत सगळं एका बाजूला बसतं. मी मोजून पाहिलंय. मागच्या बाजूला जुन्नर गाव आणि भोवतीची लेणी मोठ्या प्रमाणावर. फुकट द्यायला पैसे नसतील तर वीस रुपये घ्या. लोक देतात.

तो जुन्नर आणि नारायणगावच्या एसटी स्टँडवर, लेण्याद्री आणि ओझरच्या वाहनतळावर, माळशेजच्या चहाच्या टपऱ्यांवर मिळू द्या. कार्यालयीन वेळेत, एका खिडकीत मिळणारा नकाशा रविवारी येणाऱ्याच्या काय कामाचा?

प्रत्येक ठिकाणाजवळ छोटा क्यूआर कोड जरूर छापा. पण तो थेट त्या ठिकाणाच्या पानावर जावा. ॲप नको, नंबर नको, ओटीपी नको. आवाजातली माहिती आधी उतरवून ठेवता यावी. आणि फलकावर कोडच्या शेजारी किमान पाच ओळी मराठीत लिहा. फोन मेला तरी त्या पाच ओळी उभ्या राहतील.

नकाशाची फाइल आणि वाटांची नोंद सगळ्यांसाठी खुली ठेवा. शाळेला प्रत काढायची तर परवानगीचा अर्ज लागू नये. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून केलेल्या खुल्या नकाशावर आमचेच माजी विद्यार्थी हौसेनं वाटा भरतात. त्यांना बोलवा, फुकटात काम होईल आणि चांगलं होईल.

नकाशावर आवृत्तीचं वर्ष छापा आणि चूक कळवायला एक नंबर. आमची कुकडी उलटी वाहिली होती, तुमचंही काहीतरी उलटं वाहील.

गावांची, वाटांची, टेकड्यांची नावं त्या त्या गावात जाऊन विचारा. ग्रामसभेत एकदा नकाशा पसरून ठेवला तरी पुरे. बायकांना विचारायला विसरू नका. पाण्याच्या आणि सरपणाच्या वाटा त्यांना जास्त ठाऊक असतात.

जे दाखवू नये ते दाखवू नका. शिवनेरीची साखळीची वाट, जीवधनचे अवघड टप्पे यांच्यापुढे स्पष्ट इशारा हवा. राखण नसलेल्या उघड्यावरच्या मूर्ती आणि वीरगळ यांचा नेमका ठावठिकाणा छापायचा की नाही, हे जाणकारांना विचारून ठरवा. माझं मत विचाराल तर छापू नये.

एवढंच. यात अशक्य काय आहे ते मला लेखी कळवलंत तर मी आभारी राहीन. तोंडी नको, तोंडी उत्तरं माझ्याकडे चार ठिकाणची साठली आहेत.

मदत हवी असेल तर माझ्याकडे सहलींच्या चौदा वह्या आहेत. कुठल्या महिन्यात कुठल्या टाक्यात पाणी असतं, कुठल्या लेण्याकडे जाताना वाट कुठे फुटते, मुलं कुठे घसरली, सगळं तारखेनिशी. त्या तशाच्या तशा द्यायला मी तयार आहे. बटाटेही आणीन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, जुन्नर

ता. क. : खिडकीतल्या त्या मुलानं आमच्या जुन्या नकाशाच्या पंचवीस झेरॉक्स स्वतःच्या पैशानं काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत. कुणी विचारलंच तर हळूच देतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, दोनच उरल्यात. त्याला कृपया नोटीस देऊ नये.